अकरा घरांचे रोप

मित्रांनो, एक पत्र तीन वर्षे उत्तराविना पडून होते. ते माझ्या शेजारी, एकाच खणात पडून होते. म्हणून त्याची घडी, त्याचा वास आणि त्याच्या पोटातली दोन वाळलेली पाने मला पाठ आहेत. पत्र वहीच्या रेघी कागदावर होते. अक्षर शाळेत जाणाऱ्या नातीचे आणि बोलणे तिच्या आजीचे.

‘सहायक साहेबांना लीलाबाईचा नमस्कार. मिरचीचे रोप वीतभर झाले. पण थोड्या पानांवर गोल गोल कडी दिसून राहिली, एकाच्या आत एक. काही काड्यांचा शेंडा जळाल्यासारखा होतो. दिवाळीच्या आधी अकरा घरचे लोक रोप न्यायला येतील. देऊ का नको देऊ? दोन पाने सोबत ठेवली आहेत. आम्हाला दुसरे कोणी सांगणारे नाही. लवकर कळवा.’

हे पत्र ज्यांच्या नावाने आले ते ईश्वरदासजी. ते कृषी सहायक होते. आता निवृत्त आहेत आणि सौंदडला राहतात. त्यांनी पत्र दोनदा वाचले, पाने माझ्याखाली धरली, पाहायचे ते पाहिले आणि उत्तर दिले नाही. का दिले नाही, ते सांगायचे तर मला माझी गोष्ट सुरुवातीपासून सांगावी लागेल. ती मला नीट सांगता येईल का, याची शंका आहे. माझे काम दाखवायचे आहे, सांगायचे नाही.

मी भिंग आहे. तुमच्या शाळेतल्या दांडीच्या भिंगासारखे मोठे नव्हे. मी बोराएवढे आहे. स्टीलच्या चपट्या डबीत घडी होऊन बसते आणि बाहेर काढले की दहा पट मोठे दाखवते. उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझी काच घासून घासून दोन्ही अंगांनी फुगीर केली. काम झाल्यावर तिथल्या कामगाराने मला डोळ्याला लावले आणि स्वतःच्या अंगठ्यावरच्या रेषा पाहिल्या. माझ्यातून पाहिली गेलेली ती पहिली गोष्ट. त्याने मान हलवली आणि मला खोक्यात टाकले.

खोक्यातून निघाले ते एका प्रशिक्षणाच्या खोलीत. नव्याने नोकरीला लागलेल्या सहायकांना एकेक पिशवी मिळत होती. तिच्यात वही, मोजपट्टी आणि मी. माझ्या वाट्याला एक बारीक अंगाचा, मागच्या बाकावर बसलेला माणूस आला. त्याच्या मांडीवर ग्रंथालयाचे पुस्तक होते. बाकीचे लोक भिंगातून एकमेकांची नाके पाहून हसत होते. या माणसाने मला पुस्तकातल्या एका अक्षरावर ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिला. तेच ईश्वरदासजी.

मग आमची कामाची वर्षे सुरू झाली. आधी सायकल, नंतर मोटारसायकल, आणि मी कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. त्यांना चार माणसांत बोलायचे म्हटले की घाम फुटायचा. गावात सभा असली की ते दोन वाक्ये बोलायचे आणि मला लोकांच्या हातात द्यायचे. लोक मला पानाजवळ धरायचे आणि डोके लांब ठेवायचे.

“नाई दिसत गा काई.”

“डोळ्याजवळ धर ना. पान तुह्याकडं आन. तू कायले पानाकडं जातं?”

“अरे बाप्पा! हे तं हत्तीएवढं हाये!”

धानाच्या बुडाशी बसलेले तुडतुडे मी असे शेकडो लोकांना दाखवले. ज्यांनी पाहिले त्यांनी शेतातले पाणी काढून दिले आणि त्यांचे धान उभे राहिले. एका म्हाताऱ्याने तर मला कपाळाला लावले होते. स्तुती म्हणाल तर ती एवढीच, पण ती मला पुरली.

धान सोडून त्यांना सगळ्यात जास्त पाहावे लागले ते फुलकिडे. तुम्ही फुलकिडा पाहिला नसेल. तो तिळाएवढाही नसतो. रंग पिवळट, अंग सुतासारखे लांबट, आणि पंखांना पिसासारखी झालर. तो फुलात आणि कोवळ्या शेंड्यात दडतो. त्याला पाहायची ईश्वरदासजींची पद्धत साधी होती. पांढरा कागद खाली धरायचा, शेंडा त्याच्यावर दोन-तीनदा झटकायचा आणि थांबायचे. धूळ असेल ती पडून राहते. फुलकिडा असेल तो चालू लागतो.

फुलकिडा पान खरवडून रस पितो. त्याने पान आकसते, वळते. पण ते नुकसान थोडे. खरे नुकसान तो तोंडातून जे वाहून नेतो त्याने होते. ते म्हणजे विषाणू. फुलकिड्याचे पिल्लू रोगट पानावर वाढले तर विषाणू त्याच्या अंगात शिरतो. पिल्लू मोठे होते, त्याला पंख फुटतात आणि ते मरेपर्यंत ज्या ज्या कोवळ्या झाडावर बसेल तिथे तो रोग देत जाते. विषाणू मला दिसत नाही. माझ्यासारखी हजार भिंगे एकावर एक ठेवली तरी दिसणार नाही. मला दिसते ते त्याने पानावर केलेले काम. मिरचीच्या पानावर एकात एक कडी. काडीवर तपकिरी रेघा. भुईमुगाचा मेलेला कोंब. मुगाची वाळलेली कळी. टमाटरचे फळ, जे लाल व्हायचे सोडून अर्धे पिवळेच राहते आणि त्यावरही तीच कडी. रोगी झाड बरे करणारे औषध नाही. रोगी झाड काढायचे आणि निरोगी झाड वाचवायचे, एवढेच करता येते. म्हणून वेळेवर ओळखावे लागते.

ओळखण्यातच ईश्वरदासजींची एकदा चूक झाली.

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली बकाराम नावाच्या माणसाची टमाटरची वाडी होती. पाने तांबूस झाली होती आणि शेंडे वाकडे झाले होते. ईश्वरदासजींनी मला लावून पाहिले. फुलकिडा एकच दिसला. तरी ते म्हणाले, “बकारामजी, हा विषाणू आहे. उपटा, नाही तर सगळी वाडी जाईल.” बकाराम आणि त्यांची बायको दोन दिवस उपटत होते. आठ दिवसांनी प्रयोगशाळेतून कागद आला. विषाणू नव्हता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारलेला पंप न धुता त्यातूनच टमाटरवर फवारणी झाली होती. थोड्या दिवसांनी झाडे आपोआप सावरली असती.

बकाराम भांडले नाहीत. ते पुढच्या सभेला आले, पहिल्या रांगेत बसले आणि डोक्यावरचा दुपट्टा काढून म्हणाले, “सायब, माहे केस पिकून रायले. ठेवू का उपटू?”

सगळे हसले. ईश्वरदासजीही हसले. त्यांच्या खिशात असल्यामुळे मला त्यांची छाती लागत होती. ती हसत नव्हती.

तो प्रश्न मग पुढची कितीतरी वर्षे गावोगाव त्यांच्या आधी पोचायचा. कुणाची गाय आजारी असली, कुणाच्या घराचा खांब वाकला असला तरी लोक विचारायचे, ठेवू का उपटू. ईश्वरदासजींच्या वहीत तेव्हापासून ‘बहुधा’ हा शब्द आला. ‘बहुधा करपा.’ ‘बहुधा किडीचा प्रादुर्भाव.’ ‘प्रयोगशाळेत तपासून घेणे योग्य.’ मी पूर्वीइतकेच स्वच्छ दाखवत होते. त्यांना पूर्वीइतकेच स्वच्छ दिसत होते. फक्त ते आता दिसलेले बोलत नव्हते.

अशीच नोकरी संपली. शाल मिळाली, नारळ मिळाला. मला परत द्यायचे की नाही हे त्यांनी कार्यालयात दोनदा विचारले. “ठेवा ना तुमच्याजवळ,” असे कुणीतरी मान वर न करता सांगितले.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी लीलाबाईंचे पत्र आले.

लीलाबाईंची टोली, म्हणजे छोटी वस्ती, केशोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला आहे. मी तिथे चार-पाचदा गेलेले आहे. त्या टोलीवर प्रत्येक घर आपापले मिरचीचे रोप टाकत नाही. बारा घरांपैकी एकच घर वाफा टाकते. बाकीची अकरा घरे आपल्या घरच्या मिरचीचे मूठ मूठ बी तिथे आणून देतात आणि दिवाळीच्या आधी टोपल्या घेऊन रोप न्यायला येतात. रोप देणारी बाई प्रत्येक घराला पहिली जुडी स्वतःच्या हाताने देते. ती जुडी नाकारायची नसते. लीलाबाईंनी बावीस वर्षे रोप दिले. त्यांच्या हातचे रोप जगते, असे लोक म्हणायचे.

त्या दिवशी ईश्वरदासजींनी पाने माझ्याखाली धरली तेव्हा कडी इतकी स्पष्ट होती की मोजता आली असती. पानाच्या घडीत दोन मेलेले फुलकिडेही होते. ते बराच वेळ पाहत राहिले. मग कागद घेतला आणि लिहिले, ‘बहुधा विषाणू असावा.’ तो फाडला. दुसऱ्यावर लिहिले, ‘खात्रीसाठी मुळासकट ताजा नमुना पाठवावा.’ तोही फाडला. तिसऱ्यावर फक्त तारीख घातली. ते स्वतःशी म्हणाले, “आता मी कोण सांगणारा? नोकरी तर संपली.” मग म्हणाले, “उद्या पाहू.”

उद्या झाला. परवा झाला. दिवाळी झाली. पुढे एकदा बसमध्ये कुणीतरी बोलताना त्यांनी ऐकले की त्या टोलीवरची मिरची पूर्ण गेली. ते घरी आले, त्यांनी पत्र खणात ठेवले, माझी डबी मिटून त्यावर ठेवली आणि खण लावला.

मित्रांनो, खणातल्या तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. अंधार होता. पावसाळ्यात माझ्या काचेच्या कडेला बुरशीचे एक बारीक जाळे धरले. स्क्रू गंजला. सुशीलाबाईंनी, म्हणजे ईश्वरदासजींच्या पत्नीने, टाचेतला काटा काढायला एकदा मला बाहेर काढले होते. काटा निघाला आणि मी परत आत. मला वाईट वाटले का? वाटायला हवे होते, असे वाटते. पण काही वाटल्याचे आठवत नाही. खाली पत्र होते, वर मी होते, आणि बाहेर तो माणूस चष्मा लावून पुस्तके वाचत होता. माझ्या अंदाजाने त्यालाही फारसे काही वाटत नव्हते.

यंदा दसरा झाल्यावर एका सोमवारी सकाळी लीलाबाई स्वतः आल्या.

ईश्वरदासजी ओसरीवर वाचत बसले होते. रस्त्यावरून येणारी बाई त्यांनी लांबूनच ओळखली. पुस्तक उघडे टाकून ते आतल्या खोलीत आले आणि दाराआड उभे राहिले. का कोण जाणे, त्यांनी खण उघडून मला हातात घेतले होते. म्हणून पुढचे सगळे मी त्यांच्या मुठीत राहून ऐकले.

“सायब हायेत का घरी?”

सुशीलाबाईंनी आत पाहिले. ईश्वरदासजींनी नाही असा हात हलवला.

“नाई व बाई. बाहेर गेले.”

लीलाबाई पायरीपाशी थांबल्या असाव्यात. “चपला घरीच ठिऊन गेले का?”

“दुसऱ्या हायेत त्यायच्या.”

“बरं हाये बाप्पा. आमच्याकडं एका मानसाले एकच जोड रायते.”

सुशीलाबाईंनी पाणी दिले. लीलाबाई ओसरीवर बसल्या. लोट्याचा आवाज झाला. मग त्या म्हणाल्या, “तीन सालाआंधी मी पत्र टाकलं होतं सायबाले. नातीच्या हातानं लिवलं होतं. भेटलं नसल त्यायले.”

सुशीलाबाईंना त्या पत्राचे काहीच माहीत नव्हते.

“भेटलं असतं तं त्यायनं लिवलंच असतं,” लीलाबाई जरा मोठ्याने म्हणाल्या. “एवढे पुस्तकं वाचनारे मानूस. पोस्टातच कोठी पडलं असल.”

ईश्वरदासजींची मूठ घट्ट झाली. डबीची कड त्यांच्या तळहाताला रुतली.

“मंग काय केलं तुमी?” सुशीलाबाईंनी विचारले.

“काय करू? वाट पायली. लोक टोपल्या घिऊन दारात उभे झाले. मी म्हटलं, सायब काई म्हनत नाई म्हंजे चांगलंच असल. देल्लं वाटून. महिन्याभरात सारे शेंडे जळाले. फवारे मारले, काई नाई झालं. अकरा घरी भाजीपुरती मिरची निंगाली नाई. लोकायनं उपटलं, पन जाळलं नाई कोनी. हातानं देल्लेलं रोप जाळत नाई आमच्याकडं. धुऱ्यावर ढीग करून ठेवलं. धुऱ्याच्या पल्याड टमाटर होते, ते बी गेले.”

“अरे देवा.”

“आता म्हनतात, लीलाबाईचा हात बसला. माह्या हातचं कोनी काई लावत नाई. लग्नात हळद लावाले गेली तं म्हनतात, काकू, तुमी बसा, थकल्या असान.” त्यांनी लोटा खाली ठेवला. “मी थकली नाई व.”

मग त्यांनी येण्याचे कारण सांगितले. यंदाचे रोप रीताने टाकले होते. रीता त्यांच्या जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची, सून. लीलाबाई सहज वाफ्यावर गेल्या तर पानांवर तीच कडी.

“मी म्हटलं, रीता, हे वाटू नोको. तं मले म्हनते, काकू, तुमचं गेलं म्हून माहं बी जावं असं वाटते का तुमाले? आता मी काय बोलू? मी बोलली तं जळते म्हनतात. नाई बोलली तं येत्या ऐतवारी अकरा टोपल्या भरतात.”

“फोन लावून देते ना. हे सांगतीन रीताले.”

“फोनवर कोन बोललं ते कोनाले दिसते? कागद पायजे. सायबाच्या सहीचा. पंचायले जमवून वाचून दाखवाले.” पॉलिथिनचा आवाज झाला. “ह्या दोन काड्या हायेत रीताच्या वाफ्यातल्या. मुळाले ओली माती लावून आनल्या. सायब आले की दाखवजा.”

त्या उठल्या. पायरी उतरताना म्हणाल्या, “म्हंजे, घरात आले की.”

लीलाबाईंची बस गेल्याचा आवाज आला तरी ईश्वरदासजी दाराआडच उभे होते. सुशीलाबाई आत आल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली.

“पत्र भेटलं होतं ना तुमाले?”

“हो.”

“कोठी हाये?”

त्यांनी खणाकडे बोट केले. सुशीलाबाईंनी पत्र काढले, उभ्यानेच वाचले आणि घडी न करता टेबलावर ठेवले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी कोऱ्या पानांची वही उघडली, मधले पान फाडले आणि त्यांच्यासमोर सरकवले. ते लिहिण्यासाठी नव्हते. तीस वर्षांच्या संसारात त्यांनाही ती पद्धत माहीत झाली होती.

ईश्वरदासजींनी काडी काढली, शेंडा कागदावर तीनदा झटकला आणि थांबले. पांढऱ्या कागदावरचे सहा पिवळे ठिपके चालू लागले. मग त्यांनी मला रुमालाने पुसले आणि डोळ्याला लावले. काचेच्या कडेचे बुरशीचे जाळे मध्ये येत होते. तरी पान समोर आले तेव्हा कडी दिसली. एकात एक, एकात एक. काडीवर रेघही होती.

“दिसून रायलं का?” सुशीलाबाईंनी विचारले.

“दिसते.”

“मंग लिवा.”

“सुशीला, मी चुकलो तर? आधी प्रयोगशाळेत—”

“चुकले तं रीताचा एक वाफा जाईन. चुप रायले तवा अकरा घरचं गेलं, अना त्या बाईचा हात गेला.” त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. “अना चपला आत ठेवत जा. मले खोटं बोलता येत नाई चांगलं.”

ईश्वरदासजी दुपारपर्यंत लिहीत होते. मी कागदावरच ठेवलेले होते, म्हणून अक्षरे एकेक करून माझ्याखालून गेली. पत्र असे झाले:

‘श्रीमती लीलाबाई यांना नमस्कार.

तुमचे पत्र पोस्टात हरवले नव्हते. ते मला तीन वर्षांपूर्वी वेळेवर मिळाले. मी त्यातली पाने पाहिली. कडी पाहिली, फुलकिडे पाहिले. रोप वाटू नका, असे मी त्याच दिवशी लिहायला हवे होते. मला कळत होते. मी लिहिले नाही. अकरा घरांची मिरची तुमच्या हातामुळे गेली नाही. ती फुलकिड्यांनी पसरवलेल्या विषाणूने गेली, आणि मी गप्प राहिलो म्हणून घरोघरी गेली. पत्रातला हा भाग पंचांसमोर आधी वाचावा आणि मोठ्याने वाचावा.

तुम्ही सोमवारी आणलेल्या काड्यांवर तीच कडी आहेत. त्यांच्यावर जिवंत फुलकिडे आहेत. रीताबाईंनी या वाफ्यातले एकही रोप वाटू नये. जे हिरवे दिसते तेही वाटू नये, कारण रोग आत शिरल्यावर कडी उमटायला दिवस लागतात. सगळे रोप उपटून लगेच खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यांत भरावे, तोंडे घट्ट बांधावी, दहा दिवस उन्हात ठेवावी आणि मग खोल पुरावे. जाळण्याची गरज नाही. पण धुऱ्यावर ढीग करू नये. ढिगातले फुलकिडे उठून शेजारच्या पिकावर जातात.

नवे बी दुसऱ्या जागी, टमाटरपासून लांब टाकावे. हा रोग बियातून येत नाही, म्हणून घरचेच बी चालेल. वाफ्यावर बारीक जाळी ताणावी. भोवती मक्याच्या दोन ओळी पेराव्या. लागण महिनाभर उशिरा होईल आणि मिरची थोडी कमी येईल. पण येईल.

मी तुमच्याकडच्या वाफ्यावर गेलेलो नाही, फक्त दोन काड्या पाहिल्या आहेत. यात चूक निघाली तर ती माझी धरावी. रीताबाईंची नाही, तुमचीही नाही.

सोमवारी मी घरीच होतो.’

शेवटची ओळ लिहून ते खूप वेळ बसले. मला वाटले, हाही कागद फाटणार. पण सुशीलाबाईंनी हाक मारली, ते जेवायला गेले आणि परत आल्यावर त्यांनी सही केली.

मित्रांनो, आता मला तुमच्याकडे थोडे मागायचे आहे. तुमच्या घरी कुठल्या खणात माझ्यासारखे एखादे भिंग पडले असेल, तर ते काढून पुसा. मिरचीच्या, टमाटरच्या पानाची मागची बाजू पाहा. शेंडा कागदावर झटकून पाहा. काही दिसले तर ज्याचे शेत आहे त्याला त्याच दिवशी सांगा. खात्री नसेल तर ‘खात्री नाही, पण मला हे दिसले’ असे म्हणा. मी आयुष्यभर फक्त दाखवत आले. दाखवून शेत वाचत नाही, हे मला फार उशिरा कळले. ते मला कळले असे तरी कसे म्हणू? एवढेच म्हणते की मी ते पाहिले.

मंगळवारी सकाळी ईश्वरदासजींनी मला खिशात टाकले. सौंदडच्या पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीत एक बाई होती. त्यांनी पाकीट पुढे केले.

“शनिवारच्या आत पोचेल का?”

“स्पीड पोस्ट करा. परवा भेटते,” ती म्हणाली. तिने पाकीट उलटेपालटे करून पाहिले आणि परत केले. “पाठवणाऱ्याचं नाव नाही टाकलं, काका. नावाशिवाय घेता येत नाही.”

ईश्वरदासजी खिडकीपाशी उभे राहिले. मागे एक माणूस आला आणि खोकला. बाईने पेन पुढे केले.

“टाका नं. की घेऊन जाता घरी?”

त्यांनी पाकीट भिंतीला टेकवले आणि कोपऱ्यात नाव लिहिले. त्याच्याखाली गाव. त्याच्याखाली फोन नंबर. मग पाकीट आत दिले. बाईने त्यावर शिक्का मारला आणि ते मागच्या थैलीत टाकले.